मेणवलीचं धुकं, जलरंगात

वाईपासून तीनेक किलोमीटरवरचं मेणवली. थंडीतली सकाळ. कृष्णेवर धुकं आहे. पलीकडची झाडं राखाडी-निळी, एकमेकांत विरघळलेली. अलीकडचं एकच झाड गडद, त्याच्या पायथ्याशी घाटाच्या काळ्या पायऱ्या. रंगवायचं ते एवढंच. पायऱ्यांचा दगड न् दगड काढत बसलं, की धुकं गेलंच म्हणून समजा.

फळीवर 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, खरखरीत कागद, चारही कडांना चिकटपट्टी. फळीच्या वरच्या कडेखाली दोन बोटं जाडीचा दगड, म्हणजे रंग आपसूक खाली उतरतो. कागद पूर्ण भिजवून आकाशापासून पाण्यापर्यंत एकच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर: पुसट यलो ऑकर (मातकट पिवळा), त्यात थोडा कोबाल्ट ब्लू. जलरंग वाळला की फिका पडतो, तेव्हा किंचित गडदच लावलेला बरा.

मग थांबायचं. सगळ्यात अवघड काम हेच. कागद तिरका धरून बघा: चकाकी गेली, पण बोटाच्या पाठीला गार लागतोय, तेव्हा पलीकडची झाडं घ्यायची. कोबाल्टमध्ये जरासा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), रंग सायीइतका दाट. कुंचल्यात पाणी जास्त राहिलं तर ते आधीचा रंग ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग उठतो. तो पुसायला गेलात तर शेजारी दुसरा उठतो.

अलीकडचं झाड मात्र कोरड्या कागदावर. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना. काळा नको, ट्यूबमधला तयार हिरवाही नको. कुंचला आडवा धरून घासला, की पालवीची कड तुटक उमटते. फांद्यांमधून आकाशाची भोकं राहू द्या.

प्रतिबिंब प्रत्येक बिंदूच्या ओळंब्यात खाली पडतं. झाड उजवीकडे कललं असेल, तर प्रतिबिंबही उजवीकडेच कलतं. डावीकडे कललेलं सर्रास दिसतं, आणि चित्र का खटकतंय ते कळत नाही. गडद झाडाचं प्रतिबिंब एक छटा उजळ, आकाशाचं एक छटा गडद. पाणी निळंच रंगवायची सवय इथे नडते: धुक्यातल्या नदीला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. पावसाळ्यातल्या गढूळ कृष्णेचं गणित वेगळं, तिच्यावर प्रतिबिंबापेक्षा सावलीच ठळक पडते.

प्रतिबिंब ओलसर असतानाच धुऊन पिळलेला चपटा कुंचला त्यावरून आडवा, एकदाच. रंग निघून उजळ रेघ राहते आणि उभं वाटणारं पाणी आडवं पसरतं. दुसरी रेघ फार तर चालेल. तिसरीला पाण्यावर जिन्यासारख्या पायऱ्या दिसायला लागतात.