विमान शिकायचंय? आधी पैशांचा क्रम लावा

नमस्कार, श्रोतेहो. बारावी सायन्स करून कॉलेजात गेलेली, लेक्चर, प्रॅक्टिकल आणि जमेल तशी शिकवणी सांभाळणारी, आणि मनात वैमानिक व्हायचं पक्कं केलेली मुलंमुली आज ऐकत असतील, तर हे बोलणं त्यांच्यासाठी आहे. आईवडिलांनीही जवळ बसून ऐकावं, कारण विषय पैशांचा आहे.

आकडा आधीच सांगून टाकते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, म्हणजे सीपीएलला, आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले किमान १०० तास विमानाची जबाबदारी तुमची स्वतःची. राहणं-जेवणं धरून हे सगळं बहुतेक ठिकाणी ४५ ते ६० लाखांच्या घरात जातं. शिकाऊ विमानांतली बरीचशी एव्हगॅस नावाच्या खास पेट्रोलवर चालतात. हे इंधन वर्षानुवर्षं परदेशातून यायचं, इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते बनवायला घेतलं २०२२ मध्ये. शिवाय विमानाची देखभाल, विमा, प्रशिक्षकाचा पगार हे सगळं तुमच्या तासाच्या दरात येऊन बसतं. आणि परवाना हातात आला की नोकरी लागली, असंही नाही. एअरबस किंवा बोइंगसारखं ठरावीक विमान चालवण्यासाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्याच विमानाचं वेगळं प्रशिक्षण, करावं लागतं, त्याचे बऱ्याचदा आणखी दहा-पंधरा लाख. कर्ज काढायला निघालेल्या घरात हा दुसरा आकडा आजच ठाऊक हवा.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की जे स्वस्त आहे ते आधी करा. सगळ्यात आधी वैद्यकीय तपासणी. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू मेडिकल, म्हणजे प्राथमिक तपासणी होते, मग त्याहून कडक अशी क्लास वन. खर्च काही हजारांचा. रंग ओळखण्यातला दोष, कानाची किंवा हृदयाची एखादी अडचण इथेच कळते. फी भरून झाल्यावर हे कळलेली घरं मी पाहिली आहेत, आणि तो धक्का कुठल्याही मुलाच्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मग परवान्याचे लेखी पेपर. एअर नेव्हिगेशन म्हणजे हवेत मार्ग काढणं, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल. प्रत्येकात ७० टक्के हवेत. कॉलेज करता करता, संध्याकाळी दोन तास बसून हे होण्यासारखं आहे. ज्यांचे पेपर सुटलेले नसतात त्यांची फ्लाइंग क्लबवर, म्हणजे विमान शिकवणाऱ्या संस्थेत, फार ओढाताण होते. दिवसभर विमानाची वाट बघायची, रात्री नेव्हिगेशनची गणितं सोडवायची, आणि होस्टेलचं भाडं चालूच.

कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल, तर तिथे जरूर जा. मायक्रोलाइट नावाच्या छोट्या, हलक्या विमानात बसून उडायला मिळतं आणि त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. आपल्याला हे खरोखर आवडतंय का, याची एवढ्या स्वस्तात दुसरीकडे कुठे खात्री होणार?

आता मुद्द्याचं. महिन्याला थोडे पैसे साठवून एखाददुसरा तास उडायचं, असा विचार बरीच मुलं करतात. कष्टाळू मुलांचाच तो विचार असतो, पण मी त्याला ठाम नाही म्हणते. हाताला लँडिंगची सवय लागते ती रोजच्या सरावानं. तीन आठवड्यांनी परत आलात की पहिला तास मागचं आठवण्यातच जातो आणि पैसे मात्र पूर्ण तासाचे. शिवाय नियमानुसार हे २०० तास परवान्याच्या अर्जाआधीच्या पाच वर्षांतले असावे लागतात. त्यामुळे पहिल्या वर्षापासून रेंगाळत उडण्यापेक्षा कॉलेजात पेपर संपवावेत आणि पदवीनंतर सलग उड्डाण करावं. धुळे, बारामती, गोंदिया, जळगाव, कुठेही गेलात तरी पावसाळ्यात उड्डाणं थंडावतात, तेव्हा सुरुवात ऑक्टोबरच्या सुमाराला धरा.

शैक्षणिक कर्ज मिळतं. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमीची योजना आहे, त्यापुढे बँक बहुधा तारण मागते. इथे घर किंवा शेत गहाण पडतं. एकुलती एक शेतजमीन लावू नका, असं मी स्पष्ट सांगते. परवाना मिळाल्यावर नोकरीसाठी वर्ष-दोन वर्षं थांबावं लागू शकतं, आणि हप्ते सुरू होण्याआधीची सवलतीची मुदत संपली की हप्ता कुणासाठी थांबत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती तपासावी, तिच्यात वैमानिक प्रशिक्षण बसतं का, हे विचारून घ्यावं.

आणि संस्थेत पाय ठेवाल तेव्हा सगळी फी एकरकमी भरू नका, सूट देऊ केली तरी नाही. किती विद्यार्थ्यांमागे किती विमानं आज प्रत्यक्ष उडतायत, हे विचारा. हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, नुसती उभी असलेली मोजू नका. मागच्या बॅचचे २०० तास किती महिन्यांत झाले, हे तिथल्याच मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारा. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, झालेल्या तासांचा हिशेब लॉगबुकशी, म्हणजे तुमच्या उड्डाणांच्या नोंदवहीशी, जुळवून पुढचा हप्ता भरा, आणि मध्येच सोडावं लागलं तर उरलेले पैसे किती दिवसांत परत मिळणार, हे सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. नमस्कार.