उंदराची वेळ धरणारा कृमी

श्रोतेहो, नमस्कार. माळ्यावरची खडखड दिवे मालवल्यावरच सुरू होते, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. उंदराची ही वेळ तेवढी ध्यानात ठेवा.

शिस्टोसोमा मॅन्सोनी हा रक्तात राहणारा पर्णकृमी आतड्याभोवतीच्या शिरांत नांदतो. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात, त्यांतून निघालेले जीव गोगलगायीत शिरून वाढतात आणि पुढे अळ्या होऊन बाहेर पडतात. या अळ्या पाण्यात उतरलेल्या प्राण्याच्या कातडीतून आत घुसतात. मात्र त्यांचे आयुष्य जेमतेम दिवसाचे, म्हणून गोगलगायीतून कधी निघायचे, यावरच त्यांचे सारे अवलंबून असते.

कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावर हा कृमी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर पोहोचला. तेथे त्याची गाठ पडली काळ्या उंदराशी, ज्याचे मूळ घर भारतीय उपखंड मानले जाते आणि जो जहाजांतून जगभर गेला. फ्रेंच संशोधक आंद्रे तेरों यांनी या बेटावरच्या निरनिराळ्या ठिकाणच्या गोगलगायी घेऊन, त्यांच्यातून कोणत्या तासाला किती अळ्या निघतात, हे मोजले. भिंगाखाली पाहिले तर अळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते, आणि तिच्या शेपटीला टोकाशी दोन फाटे असतात. असे कण तासामागून तास मोजत बसायचे! आपल्या महाविद्यालयांत महागड्या यंत्रांची वाट पाहत प्रयोग अडून राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. चिकाटीची मोजणी हेही मोठे साधन आहे.

तर मोजणीत दिसले ते असे. जिथे माणसांना लागण होत होती, तिथल्या अळ्या सकाळी अकराच्या सुमारास सर्वाधिक निघत, म्हणजे माणसे पाण्यावर असतात त्या वेळी. दलदलीच्या जंगलात, जिथे कृमी मुख्यतः उंदरांवर जगत होता, तिथल्या अळ्या मात्र दुपार कलल्यावर, संध्याकाळच्या तोंडाशी निघत. पुन्हा सांगतो: बेट तेच, कृमीची जात तीच, गोगलगायीची जातही तीच, वेळ तेवढी निराळी. ही वेळ अनुवंशाने पुढच्या पिढीत उतरते, हे दोन्हींचा संकर करून पाहिल्यावर स्पष्ट झाले. उंदीर त्या बेटावर युरोपीय जहाजांबरोबर गेला, म्हणजे हा बदल घडायला फार तर पाचशे वर्षे मिळाली.

माणसाला प्राझिक्वांटेल हे औषध देऊन बरे करता येते. दलदलीतल्या उंदरांना ते कोण देणार? गावातला शेवटचा रुग्ण बरा झाला, तरी तिथे संध्याकाळी अळ्या पाण्यात उतरतच राहतात.