विसरलेलं पिंप

नमस्कार, श्रोतेहो.

तासगावकडच्या बेदाणा शेडमध्ये कधी गेला असाल, तर तिथला गोड, दाट वास तुमच्या ओळखीचा आहे. तसाच वास इटलीत वेरोना शहराच्या उत्तरेला वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्यांवर हिवाळ्यात घरांच्या माळ्यांवरून येतो. आपण द्राक्षं पुरती वाळवून बेदाणा करतो. तिथे ती अर्धीमुर्धी सुकवतात आणि मग चुरून वाइनसाठी आंबवतात. घड काढले की हवेशीर माळ्यावर, बांबूच्या माचणीवर एकेरी थरात मांडायचे. पूर्वी याच माचणींवर रेशमाचे किडेही पोसत. तीन-साडेतीन महिन्यांत घडाचं वजन तिसऱ्या हिश्श्यानं, कधी त्याहून जास्त घटतं. पाणी जातं, साखर राहते. एवढं लक्षात ठेवा : पाणी जातं, साखर राहते.

ही रीत फार जुनी. सहाव्या शतकात राजदरबारातल्या कासिओदोरुस या मंत्र्यानं राजाच्या पंगतीसाठी वेरोनाकडून अशी वाइन मागवली होती. त्याचं ते पत्र आजही वाचायला मिळतं.

आणि द्राक्षं तिथल्याच मातीतली. मुख्य जात कोर्विना. जाड सालीची, म्हणून सुकताना सडत नाही. नाव पडलं म्हणे डोमकावळ्यावरून, रंग तसा काळा. दुसरी रोन्दिनेल्ला, पाकोळीवरून. तिसरी मोलिनारा, तिच्या मण्यांवर गिरणीतलं पीठ उडाल्यासारखी पांढुरकी लव असते. ओसेलेता नावाची जात तर जवळपास नाहीशी झाली होती, ती पुन्हा लावली गेली. मला याचं फार वाटतं. आपल्याकडे बांधावरचे रायवळ आंबे तोडून हापूसची कलमं लावली. मला हापूस आवडतो, पण चोखून खायच्या आंब्याची चव पुढच्या पोरांना कुठून द्यायची? असो.

आता ती गोष्ट. हिच्यासाठीच मी आज बसलोय.

या सुकवलेल्या द्राक्षांची तिथली मूळ वाइन म्हणजे रेचोतो. गोड. आंबताना यीस्ट साखर खातं, पण इथे साखरच इतकी, की सगळी संपायच्या आत यीस्ट थकतं. उरते ती गोडी. साल 1936, वसंत ऋतू. नेग्रारच्या सहकारी वाइनरीत आदेलिनो लुक्केसे तळघराचा कारभार पाहत होते. पिंपं तपासताना त्यांच्यासमोर एक असं पिंप आलं, ज्याकडे कितीतरी दिवस कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. रेचोतो भरलेलं आणि विसरलेलं. आत यीस्टचं काम थांबलंच नव्हतं. सावकाश, थंडीभर ते खात राहिलं आणि साखर फस्त झाली. रेचोतोची गोडी गेली म्हणजे माल बिघडला, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब.

लुक्केसेंनी चव घेतली. गोडी नाही. पण आंबट झालेली नाही, नासलेली नाही. जडशीळ, कडक, सुकल्या चेरीच्या वासाची वाइन. इटालियनमध्ये कडूला म्हणतात आमारो, आणि शब्दाला ‘ओने’ लागलं की ती वस्तू थोरली होते. ते उद्गारले, “हा आमारो नाही, हा तर आमारोने!” तेच नाव पडलं.

ही गोष्ट तिथे अशीच सांगतात, आणि तळघरात राबणाऱ्या माणसाचं नाव तिच्यात टिकलं म्हणून ती मला जास्त प्रिय आहे. कोल्हापूरच्या गुळाचं कौतुक सगळे करतात. काहिलीतला पाक नुसत्या नजरेनं ओळखणाऱ्या गुळव्याचं नाव कुणी विचारतं का? विचारायला हवं.

आज आमारोने ही इटलीतल्या सर्वांत नावाजलेल्या वाइन्सपैकी एक आहे. 2010 साली तिला तिथल्या सरकारी प्रतवारीतला सर्वांत वरचा दर्जा मिळाला. रेचोतोही थांबलेली नाही. त्याच माळ्यावरची, त्याच माचणीवरची द्राक्षं. पाणी गेलेलं, साखर राहिलेली. आंबणं मध्येच थांबलं तर रेचोतो, शेवटपर्यंत चाललं तर आमारोने.

नमस्कार.