महानायकाचं वय

मंडळी, मांगावरचा, म्हणजे जपानी कॉमिक्सवरचा, अमेरिकन प्रभाव म्हटलं की डिस्नेचे टपोरे डोळे लगेच पुढे केले जातात. ते खरंच आहे. मांगाकार ओसामू तेझुकांनी डिस्नेचा ‘बॅम्बी’ ऐंशीहून जास्त वेळा पाहिला होता. त्यांच्या रोबो मुलाच्या, अ‍ॅटमच्या डोक्यावरची दोन टोकंही मिकीच्या कानांसारखी, चेहरा कुठेही वळला तरी दोन्ही दिसतात. पण डोळ्यांपेक्षा मोलाचा प्रश्न वयाचा आहे.

सुपरमॅन 1938 पासून तिशीतच आहे. पात्र प्रकाशन संस्थेच्या मालकीचं असतं, लेखक-चित्रकार येतात-जातात आणि अंक निघत राहावा लागतो. मग नायकाला म्हातारं करून कसं चालेल? मांगात कथा बहुधा एकाच लेखकाची असते, आणि तो ती संपवू शकतो. म्हणून अमेरिकेतून आलेल्या नायकाला जपानमध्ये वय चिकटलं.

अ‍ॅटमपासूनच पाहा. 1952 मध्ये त्याच्या नावाची मालिका सुरू झाली. एक लाख अश्वशक्ती, आकाशात उड्डाण, सगळा थाट सुपरमॅनचा. पण डॉ. तेन्मांनी त्याला घडवलं ते अपघातात गेलेल्या मुलाच्या जागी, आणि हा मुलगा वाढत नाही म्हणून त्याला सर्कशीला विकून टाकलं! अमेरिकन कॉमिकला जी गोष्ट सोयीची, तीच इथे नायकाचं पहिलं दुःख झाली. तेझुकांची ही सर्वांत धारदार कल्पना आहे, असं माझं ठाम मत आहे.

‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूचा जन्म परग्रहावरचा, हे 1988 मध्ये उघड झालं. तान्हेपणी यानातून पृथ्वीवर धाडलेला, मागे ग्रह नष्ट झालेला: सरळ सुपरमॅनच्या क्रिप्टन ग्रहाची कथा. फरक एवढाच की त्याला पाठवलं होतं माणसं संपवायला, आणि डोक्याला मार लागून तो ते विसरला. पुढे तो लग्न करतो, बाप होतो, आजोबाही होतो.

हा विचार सर्वांत उघडपणे मांडला कोहेई होरिकोशींनी, 2014 साली सुरू झालेल्या ‘माय हीरो अकॅडेमिया’त. त्यातला सर्वांत मोठा नायक ऑल माइट नखशिखांत अमेरिकन: सोनेरी केस, ‘डेट्रॉइट स्मॅश’, ‘टेक्सस स्मॅश’. रेखाटनही तसंच आहे. बाकीची पात्रं स्वच्छ रेषेत, तर त्याच्या अंगावर काळ्या शाईचे भरीव ठोकळे आणि डोळे सावलीत बुडालेले. एकाच चौकटीत दोन देशांच्या चित्रशैली शेजारी उभ्या राहतात. त्याचं चित्र काढताना नवशिके स्नायू फुगवत बसतात आणि फसतात. काम सावली करते. ऍनिमेशनमध्ये मात्र हीच सावली जड जाते, कारण तिची कड प्रत्येक चित्रात जुळली नाही तर ती थरथरते.

ऑल माइट जखमी आहे, त्याची ताकद सरत चालली आहे. ती मिळते त्याचा शिष्य देकूला, गुरूचा एक केस गिळून! त्याआधी दहा महिने समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा उपसून शरीर तयार केलेलं, तरी पूर्ण जोर लावला की त्याची हाडं मोडतात. ऑल माइटचे गुरू ग्रॅन टोरिनो यांच्याकडे तो पाच टक्के ताकद सगळ्या अंगात पसरवायला शिकतो. हात आणखी दुखावले तर कायमचे निकामी होतील हे कळल्यावर तो लाथांकडे वळतो. गुरूची नक्कल सोडून स्वतःची पद्धत शोधणारा देकू तिथून सुरू होतो.