जन्माच्या नोंदीत ज्याचा जन्म झाला त्याचंच नाव नसतं

नमस्कार मंडळी. आज आपण जाणार आहोत तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये. म्हणजे प्रत्यक्षात मी जाऊन आलोय, तीन वेळा. त्यातल्या दोन फेऱ्या फुकट गेल्या. तुमच्या जाऊ नयेत म्हणून हा व्हिडिओ.

विषय असा: आजोबांची, पणजोबांची जन्माची नोंद हवी आहे. कुणाला जात पडताळणीसाठी, कुणाला वारसाच्या कामासाठी, कुणाला उगीच उत्सुकता म्हणून. गाव खेड्यातलं, साल 1970 च्या आधीचं. मग ही नोंद असते कुठे आणि मागायची कशी?

1970 का म्हणालो? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, आणि आपल्याकडे तो 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. त्यानंतरचा जन्म असेल तर काम त्या मानानं सोपं. ग्रामपंचायतीत जायचं. तिथले ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच निबंधक. अर्ज करायचा, दाखला घ्यायचा. यावर जास्त बोलत नाही.

खरी गंमत त्याच्या आधीच्या काळात आहे. तेव्हा गावात कोतवाल असायचा. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाच्या घरी तिरडी बांधली, ही खबर त्याच्याकडून यायची आणि वहीत चढायची. त्या वहीचं सरकारी नाव गाव नमुना नंबर 14. पण ऑफिसात गेलात की "कोतवाल बुक" म्हणा, लगेच कळतं. विदर्भात "कोतवाल पंजी" असंही ऐकाल. या जुन्या वह्या आज बहुतेक ठिकाणी तहसीलच्या अभिलेख कक्षात आहेत, लाल कापडाच्या बस्त्यांमध्ये बांधलेल्या.

[स्क्रीनवर: बस्त्याचा फोटो]

आता माझी पहिली फेरी. मी रुबाबात अर्ज दिला. आजोबांचं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख, 1 जून 1941. दोन आठवड्यांनी उत्तर आलं, "नोंद आढळून येत नाही."

चूक माझीच होती. एक नाही, तीन.

पहिली चूक, 1 जून. अहो, त्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जूनला असतो! शाळा जूनमध्ये भरायची. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोहोचला की गुरुजी नाव घालायचे आणि वय ठोकून द्यायचे. त्यामुळे ती तारीख धरून वही शोधू नका. मागेपुढे तीन तीन वर्षं शोधायला सांगा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना तारीख विचारू नका, प्रसंग विचारा. "पानशेत फुटलं तेव्हा मी पाळण्यात होते," असं कुणी म्हणालं तर तुम्हाला 1961 चा पावसाळा मिळाला.

दुसरी चूक, नाव. जन्माची खबर वहीत चढायची तेव्हा बारसं झालेलंच नसायचं. मग त्या रकान्यात काय लिहिणार? "मुलगा." किंवा "मुलगी." संपलं. म्हणजे आजोबांच्या जन्माच्या नोंदीत आजोबांचं नावच नाही! नाव असतं त्यांच्या बापाचं, जोडीला जात. तेही बऱ्याचदा आडनावाशिवाय, "रामा बिन शिवा" अशा थाटात. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा. कुठे "वल्लद" दिसेल, अर्थ तोच. बाईच्या नावापुढे "कोम" असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. तेव्हा अर्जात आजोबांचं नाव लिहाच, पण शोध पणजोबांच्या नावानं घ्यायला सांगा. पणजोबांना गावात ज्या नावानं हाक मारायचे तेही लिहा. कागदावर ज्ञानदेव असतील, वहीत "ग्यानू" असतील.

तिसऱ्या चुकीनं माझी दुसरी फेरी खाल्ली. नाव सुधारलं, सालं वाढवली, तरी काही नाही. घरी येऊन आत्याला सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "अरे, पहिलं बाळंतपण कुठं असतं? माहेरी ना?"

नोंद होते ती जिथे जन्म झाला त्या गावात, जिथे तुमची शेती आहे त्या गावात नाही. पणजीचं माहेर शेजारच्या तालुक्यात. तिसऱ्या फेरीत तिथलं कोतवाल बुक काढलं आणि सापडली ओळ. बापाचं नाव, खाली आमच्या गावाचं नाव, आणि पुढे "मुलगा". तारीख नोव्हेंबर 1940. आजोबा सात महिन्यांनी मोठे निघाले!

एक गोष्ट सांगायची की नाही, विचार करत होतो. सांगतो. त्या वहीत मृत्यूच्याही नोंदी असतात. आमच्या गावच्या वहीची पानं उलटताना पणजोबांचं नाव पुन्हा दिसलं, 1938 सालात. मुलगी, वय चार महिने, कारण ताप. आजोबांना एक मोठी बहीण होती, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी ती ओळही उतरवून आणली. तुम्ही शोधायला गेलात तर अशा ओळी भेटतील, एवढं मनात धरून जा.

बरं, आता लिपी. जुन्या वह्या मोडीत असू शकतात. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. त्या शोधात हेच गाव नमुना 14 पुन्हा बाहेर निघाले, आणि अनेक जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी स्कॅन करून आपल्या वेबसाइटवर टाकल्या. फेरी मारण्याआधी जिल्ह्याच्या साइटवर एकदा बघाच. मराठवाड्यात निजामकाळच्या नोंदी उर्दूत आणि साल फसली, म्हणजे तेव्हाच्या महसुली कालगणनेतलं. तिथे हिशेब असा: फसली सनात 590 मिळवा. 1350 फसली ऑक्टोबर 1940 ला सुरू झालं. जानेवारीपासून पुढची तारीख असेल तर 591.

आणखी एक खाचखळगा, जिल्हेच बदललेत. लातूर जिल्हा 1982 चा, त्याआधी तो उस्मानाबादमध्ये. पालघर 2014 पर्यंत ठाण्यात. तालुके तर कितीतरी फुटले. नव्या ऑफिसात "आमच्याकडे नाही" म्हणाले तर जुन्या ठिकाणी विचारा, बस्ते तिथेच राहिलेले असू शकतात.

अर्ज साधा असतो. नकलेचा अर्ज, वर कोर्ट फी तिकीट, खाली गाव, तेव्हाचा तालुका, सालं, बापाचं नाव. पोहोच घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे टेबलावरची रद्दी. जात पडताळणीसाठी हवं असेल तर तारखा लक्षात ठेवा: पुरावा ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, विमुक्त भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 आणि जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा लागतो.

आणि वहीच वाळवीनं खाल्ली असेल तर? तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. "नोंद उपलब्ध नाही" हे लेखी घ्या. मग शाळेची प्रवेश निर्गम नोंदवही, म्हणजे जनरल रजिस्टर, गाठा. हयात माणसाची नोंद कधी झालीच नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर आता आदेश लागतो जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा. 2023 च्या दुरुस्तीआधी हे काम कोर्टात जायचं. एजंट "करून देतो" म्हणेल. त्याच्या नादी लागू नका. खोटे कागद जोडलेत तर दाखला रद्द होतो आणि वर गुन्हाही दाखल होतो.

नक्कल हातात आली की काउंटरवरच वाचा. "खरी नक्कल" शिक्का, सही, तारीख, कार्यालयाचा गोल शिक्का, सगळं आहे का बघा. मला गोल शिक्क्यासाठी पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. आणि दोन नकला मागा, एक लॅमिनेशन न करता ठेवा.