बोले ठराव: एक शिफारस आणि तिचा प्रवास

श्रोतेहो, नमस्कार.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलनं एक ठराव संमत केला. तो मांडला होता रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी. 'बोले ठराव' हे नाव आपण महाडच्या सत्याग्रहाच्या संदर्भात नेहमी ऐकतो. पण त्यात नेमकं काय म्हटलं होतं, आणि कौन्सिलनं मान्य केल्यावरही पाणी का मिळालं नाही, याकडे सहसा लक्ष जात नाही. आज त्याविषयी बोलायचं आहे.

ठराव असा होता: सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले, किंवा सरकारनं नेमलेल्या आणि कायद्यानं निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य वर्गाला वापरू द्याव्यात, तसंच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालयं आणि दवाखानेही. यातली शब्दयोजना फार विचारपूर्वक केलेली आहे. विहीर कुणाच्या आळीत आहे, कोणत्या देवळालगत आहे, हे प्रश्न इथं येतच नाहीत. प्रश्न एकच, पैसा कुणाचा? महार-मांगांकडूनही कर घ्यायचा आणि त्या करातून राखलेल्या विहिरीवरून त्यांनाच हुसकायचं, याचं समर्थन कौन्सिलमध्ये उभं राहून करणं अवघड होतं. आणि 'कायद्यानं निर्माण झालेल्या संस्था' या चार शब्दांनी नगरपालिका आणि लोकल बोर्डं आत आली. गावोगावचे पाणवठे त्यांच्याच ताब्यात असत.

बोले कोकणातल्या भंडारी समाजाचे. कौन्सिलमध्ये येण्याआधी त्यांची वर्षं मुंबईच्या गिरणगावात गेली होती. कामगार हितवर्धक सभेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. गिरण्यांत कामाच्या तासांना धरबंध नव्हता, त्या काळातलं हे काम. १९११ च्या फॅक्टरी कायद्यानं कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. यावरून आधीची स्थिती ओळखावी. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्काराच्या सभेचे अध्यक्षही बोलेच होते. त्याच सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्या मुलाला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. दादर पश्चिमेला एस. के. बोले मार्ग आहे. तो याच बोल्यांच्या नावाचा.

आता अडचण कुठे होती ते पाहू. कौन्सिलचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठराव सरकारला शिफारस करतो. तो मोडला म्हणून कुणाला दंड होत नाही. सरकारनं ११ सप्टेंबर १९२३ ला त्यावर आदेश काढला, पण त्या आदेशाचे दोन भाग होते आणि दोहोंची भाषा वेगळी होती. सरकारच्या स्वतःच्या जागांपुरतं खातेप्रमुखांनी अंमलबजावणी करावी, असं सांगितलं. स्थानिक संस्थांबाबत मात्र कलेक्टरांनी त्यांना ही शिफारस स्वीकारण्याचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढंच. वरच्या टोकाला हुकूम होता; विहिरीच्या काठाशी पोचेपर्यंत त्याचा सल्ला झाला. आणि सल्ला कुणाला? नगरपालिकेच्या सभासदांना. त्यांना निवडून देणारे मतदार मालमत्तेच्या आणि कराच्या अटीत बसणारे, म्हणजे बहुतेक सवर्णच.

५ ऑगस्ट १९२६ ला बोल्यांनी पुन्हा ठराव आणला. पहिला ठराव अमलात आणायला जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड नकार देईल, तिचं अनुदान सरकारनं थांबवावं. तीन वर्षांत हाती काय लागलं हे पाहून त्यांनी थेट खजिन्यालाच हात घातला, हे मला त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं. तरीही एक फट उरलीच. नकार देणाऱ्याचं अनुदान बंद होईल, पण कागदावर होकार देऊन स्वस्थ बसणाऱ्याचं काय?

महाडला हेच घडलं. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी मनापासून साथ देणारी माणसंही तिथं होती. तळं मात्र बंदच राहिलं. कुणी घागर घेऊन गेलं असतं तर मार खाल्ला असता. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, आणि पुढे १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य घालून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षं होत होती.

डिसेंबरमध्ये दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी झाली, तेव्हा विरोधक दिवाणी कोर्टात गेले. १२ डिसेंबरला दावा, १४ ला तात्पुरता मनाई हुकूम. कोर्टात वाद सार्वजनिक पैशाचा राहिला नाही. तो वहिवाटीचा झाला. स्पृश्यांनीच हे पाणी वापरायचं ही चाल अनादी काळापासूनची आहे, असा दावा होता. तो सिद्ध करण्याचा भार वादींवर पडला आणि त्यांना तो पेलला नाही. खालच्या कोर्टाचा निकाल ८ जून १९३१ ला डॉ. आंबेडकरांच्या बाजूनं लागला. विरोधक वर गेले आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टातही हरले. कौन्सिलमध्ये बोल्यांनी ठराव मांडला त्याला तेव्हा साडेतेरा वर्षं उलटून गेली होती.

नमस्कार.