मुंगूस कुणाचं?

श्रोतेहो, नमस्कार.

मँचेस्टरच्या दक्षिण भागात आमची बुधवारची संध्याकाळ क्विझ लीगची. पबमधलं क्विझ म्हटलं की वाटतं, बिअर घ्यायची, गप्पा छाटायच्या, जमलं तर उत्तर द्यायचं. तसली क्विझंही इथे आहेत. १९७०च्या दशकात ती फोफावली. आठवड्यातल्या ओस रात्री गिऱ्हाईक यावं, हा पबमालकांचा साधा हिशेब. लीगचं मात्र तसं नाही. चौघाचौघांचे दोन संघ समोरासमोर बसतात. हंगाम असतो, गुणतक्ता असतो, खालच्या गटात घसरायची धास्ती असते. आपल्या वाट्याचा प्रश्न एकट्यानं सोडवला तर दोन गुण. संघात कुजबुजून सोडवला तर एक. तरीही हुकला तर समोरच्यांकडे जातो, आणि ते पटकन उत्तर देऊन तो गुण खिशात घालतात, तेव्हा फार झोंबतं.

पेपर काढायची पाळी संघांवर फिरून येते. एकाच रात्री साऱ्या पबांत तोच पेपर. म्हणजे मॅच संपून चिप्स आणि सँडविचच्या थाळ्या आल्या की पेपराची चिरफाड सुरू. कुणी म्हणतं, टीव्हीचे प्रश्न फार. कुणी म्हणतं, सत्तरच्या दशकातली गाणी विचारता, आमचा नवा पोरगा तेव्हा जन्मला तरी होता का? आमच्या कप्तानाचं ठरलेलं वाक्य: "त्यांना सोपे, आम्हाला अवघड." जिंकलो तरी हेच. निवृत्त शिक्षक आहेत, पेपर वाईटच असतो यावर त्यांची श्रद्धा आहे.

गेल्या आठवड्यात एक जोडी होती. पहिला प्रश्न, १९०४ साली रोल्स आणि रॉइस मँचेस्टरच्या कोणत्या हॉटेलात पहिल्यांदा भेटले? मिडलँड. सगळा पब त्यावरून रोज जातो. दुसरा माझ्याकडे, १८३०मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाच्याच दिवशी इंजिनाखाली सापडून मेलेला खासदार कोण? मी गप्प. नंतर मी कुरकुरलो, हे फारच आडवळणी होतं म्हणून. सगळे माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायला लागले. हस्किसन! क्विझवाल्यांच्या जगात तो दर वर्षी एकदा त्या इंजिनाखाली सापडतो म्हणे.

पण खरी गंमत पुढे. चौथ्या फेरीत माझा प्रश्न: इंग्रजीतला 'मंगूस' हा शब्द मुळात कोणत्या भारतीय भाषेतला? समोरच्यांचा कप्तान हात वर करून म्हणाला, "हा तर फुकटचा प्रश्न!" आमचे तिघे हसले, एकानं ग्लास उचललासुद्धा. आणि मी विचार करत बसलो. हिंदीत नेवला, म्हणजे हिंदी नाही. मराठीत मुंगूस. पण इतकं सोपं असेल? माझं आजोळ निपाणीकडचं. आजीच्या शेजारणी कन्नडमध्ये मुंगुसी म्हणायच्या. बहुतेक शब्द तिकडूनच मराठीत आला असणार. मी छाती काढून सांगितलं, "कन्नड."

कागदावर लिहिलं होतं, मराठी.

आमच्या कप्तानानं चिप्सची थाळी माझ्यापासून दूर सरकवली. मी भांडलो, अर्थात. शब्दाचं मूळ द्राविडी असू शकतं, 'मुळात' म्हणजे नेमकं कुठवर मागे जायचं, वगैरे. प्रश्न वाचणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमची मातृभाषा कोणती?" त्यावर काय बोलणार? गुण समोरच्यांना गेला. कारण कन्नड चुकल्यावर त्यांना दुसरा पर्याय शोधायला डोकं लागलंच नाही, माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी "याची भाषा" एवढंच म्हटलं. आम्ही एका गुणानं हरलो. रात्री घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बरं झालं, तुझ्या आईला कळलं नाही." तोवर मुलीनं आजीला फोन केलाही होता.

पुढच्या महिन्यात पेपर काढायची पाळी आमची. मी एक प्रश्न घातलाय: मुंबईत वडा ज्यात घालतात तो 'पाव' कोणत्या भाषेतून आला? उत्तर पोर्तुगीज. मुंगूस इंग्रजीत पोहोचलं ते बहुधा पोर्तुगिजांच्याच हातून, तेव्हा हिशेब तिथल्या तिथे चुकता. पेपर आधी दुसऱ्या एका संघाकडे तपासायला जातो. कालच तो परत आला. त्या प्रश्नाच्या समोर लाल शाईत शेरा आहे: "आमच्याकडे कुणाला येणार नाही, आणि तुमच्या त्या माणसाला विचारून खात्री करून घ्या."

नमस्कार.